तातेरावांचं नाव घेते

रविवार, १ डिसेंबर १९७४
मस्तगड, जालना

अखेर खोली मिळाली! सकाळपासून सात घरं फिरले आणि सातही ठिकाणी पहिला प्रश्न एकच, मालक कुठं असतात? मालक म्हणजे नवरा. पहिल्या सहा घरी खरं सांगितलं, की लग्न झालेलं नाही, बदनापूरच्या शेती संशोधन केंद्रात नोकरी लागली आहे, एकटीच राहणार. सहाही ठिकाणी खोली नेमकी पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली निघाली. मग मी एका बांगड्यांच्या दुकानात शिरले, काळी पोत घेतली, हिरव्या बांगड्या भरल्या आणि तिथल्याच आरशात बघून माझ्या हातानं माझं लग्न लावून टाकलं. ना भटजी, ना मांडव, ना रुसून बसलेला मामा. सातव्या घरी खोली मिळाली.

घर बद्रीनाथ नावाच्या किराणा दुकानदाराचं. पुढं दुकान, मागं ते आणि त्यांची बायको गिरिजाबाई राहतात, आणि अंगणाच्या पलीकडे माझी खोली. गिरिजाबाईंना सांगितलं, की हे हैदराबादला नोकरीला आहेत, सुट्टी मिळत नाही. नाव काही त्यांनी विचारलं नाही. बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नये, या रिवाजाचा जन्मात पहिल्यांदा मला उपयोग झाला.

खोली छान आहे. गल्लीकडे गजांची खिडकी, भिंतीत दोन कोनाडे, स्टोव्हपुरता ओटा. दाराची तेवढी गंमत आहे. आतली कडी खिळखिळी, बोटानं हलते, आणि बाहेरची मात्र अंगठ्याएवढी जाड. बांधणाऱ्याला चोरापेक्षा भाडेकरूची भीती जास्त असावी.

आजपासून रोज लिहायचं. बोलायला कुणी नाही, तर वही तरी असू दे.

गुरुवार, ५ डिसेंबर

नोकरी मजेची आहे. सकाळच्या गाडीनं बदनापूर, स्टेशनापासून पायी केंद्रात, संध्याकाळच्या गाडीनं परत. माझं काम बियाण्याच्या खोलीत. तुरीचे शंभर दाणे मोजून ओल्या कागदावर मांडायचे, गुंडाळी करून ठेवायची, आणि सहा दिवसांनी उघडून किती उगवले ते लिहायचं. साहेब म्हणाले, कंटाळा येईल. मला नाही येत. बंद गुंडाळीत पडलेला दाणासुद्धा वाट काढतो, हे बघायला बरं वाटतं.

दाणे निवडायला रोजंदारीवर बायका असतात. त्यातल्या सगुणाबाईंशी पहिल्याच दिवशी गट्टी जमली. माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या, विधवा, बदनापुरातच राहतात. छप्पन साली घरच्यांनी दीक्षा घेतली तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. मजुरी करून त्यांनी धाकट्या बहिणीला शिकवलं, ती आता औरंगाबादला शिक्षिका आहे आणि कुणाच्या बापाला भीत नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. माझ्या गळ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, की बाई, पोत नवी दिसती, टोचून राह्यली वाटतं, सारका हात जातोय. मी पोत पदराखाली सारली. त्यांनीही पुढं विचारलं नाही.

रविवार, २२ डिसेंबर

रविवार काही केल्या सरत नाही. धुणं झालं, स्टोव्ह दोनदा पुसून झाला, एकटीपुरती भाकरी करायला असा वेळ तो किती लागणार. शनिवारी संध्याकाळी गाडीतून उतरले की सोमवारी सकाळपर्यंत माझं नाव घेऊन कुणी हाक मारत नाही. बेबीनंदा हे नाव मला कधी आवडलं नाही, पण ऐकू न आलं की त्याचीही उणीव भासते. काल बाजारात नको असलेल्या वालाच्या शेंगांचा भाव विचारला. बाई बोलकी होती, म्हणून.

खरं लिहायचं तर अशा वेळी तातेराव आठवतो. लाज वाटते, पण आठवतो.

परभणीला आमच्या घराजवळ त्याचं सायकलचं दुकान होतं. भजनी मंडळात पेटी वाजवायचा. आवाज मऊ, वागणं त्याहून मऊ. जेवलीस का, असं मला विचारणारा तो पहिलाच माणूस. मीही जीव लावला, खोटं कशाला बोलू. मग तो विचारू लागला, काय जेवलीस. मग, कुणाबरोबर. मग, हसलीस का. तरी लग्न ठरवलंच होतं. लग्नानंतरची म्हणून घेतलेली खोली दाखवायला त्यानं मला नेलं, मी आत गेले, आणि बाहेरून कडी लागली. शुक्रवार दुपार ते रविवार संध्याकाळ. कोपऱ्यात भरलेली घागर होती, म्हणजे सगळं ठरवूनच. रविवारी जिलबी घेऊन आला, माझ्या पायाशी बसून रडला आणि म्हणाला, आता तुला समजलं ना, माझ्यावाचून दार उघडणारं कुणी नाही.

मी लग्न मोडलं. त्यानंतर आठ महिने तो आमच्या घरासमोरच्या पारावर बसायचा. एक वावगा शब्द नाही, अंगाला बोट नाही. नुसता बसायचा. लोक त्याची कीव करू लागले. भाऊ म्हणाला, एवढा सज्जन माणूस तुझ्यासाठी झुरतोय, तूच दगड आहेस. नोकरीचा कागद आला तो मी कुणालाच दाखवला नाही. पहाटेची गाडी धरली आणि आले.

तर असा हा रविवार. पण दार आतून बंद आहे, खिळखिळ्या कडीनं का होईना, आणि ती मी लावली आहे.

शुक्रवार, १७ जानेवारी १९७५

आज माझी मीच फजिती करून घेतली.

गिरिजाबाईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. वीसेक बायका, तिळगूळ, वाण म्हणून एकेक करंडा. मी कोपऱ्यात बसले होते. शेजारच्या नंदाबाईंनी माझा हात धरून मधे ओढलं, नव्या पाहुणीनं उखाणा घेतल्याबिगर वाण मिळायचं न्हाई, म्हणाल्या. मी म्हटलं येत नाही. कुणी ऐकेना. नंदाबाईंचा सूर असा, की मालकाचं नाव सांगायला लाजती, का मालकच न्हाईत? सगळ्या हसल्या.

जगात हजार नावं आहेत. शिवाजी, पुंजाराम, देवानंद, कुठलंही चाललं असतं. पण ओळ जुळवता जुळवता तोंडातून जे आलं ते हे:

संक्रांतीच्या वाणात हळकुंड अन् बोर,
तातेरावांचं नाव घेते गिरिजाबाईंसमोर.

वाहवा झाली. मग कसे आहेत, काय करतात, सुरू झालं. आणि मी सांगत बसले. पेटी छान वाजवतात. आवाज मऊ आहे. मी जेवले का ते आधी विचारतात. वाईट तेवढं गाळलं आणि उरलेल्याचा एक नवरा केला. बायका मन लावून ऐकत होत्या. इतक्या दिवसांत माझं कुणी इतकं ऐकलं नव्हतं.

घरी आल्यावर तोंड धुतलं. चूळही भरली. नावच तर आहे, त्यानं काय होतंय.

रविवार, २ फेब्रुवारी

आता गल्लीत मला मान आहे. गिरिजाबाई वाटीभर कालवण पाठवतात, नंदाबाई वेणी घालून देतात. बदल्यात त्यांना माझ्या मालकांविषयी ऐकायचं असतं, आणि माझीही काही तक्रार नाही. मागच्या आठवड्यात मी या मालकांना कारल्याची भाजी आवडायला लावली. रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, असा असता तर.

नंदाबाई चुलतबहिणीच्या लग्नाला माहेरी चालल्या आहेत. माहेर परभणी, हे मला आज समजलं. वेणी घालताना त्यांनी विचारलं, की तुझं सासर कोणत्या गावचं गं, परभणीकडचंच ना, बोलण्यावरून वाटतं. माझ्या तोंडात शेंगदाणे होते. मी हूं म्हटलं.

मागून गिरिजाबाई हळूच म्हणाल्या, की दोन महिने झाले, एक पत्र न्हाई पोरीला. मला ऐकू जाऊ नये अशा बेतानं बोलल्या. मला खरंच वाईट वाटलं, नसलेल्या नवऱ्याच्या नसलेल्या पत्राचं. एकटेपणानं माणूस असं खुळं होतं.

सोमवार, १० फेब्रुवारी

नंदाबाई परत आल्या. अंगणात भेटल्या. लग्न कसं झालं विचारलं तर उत्तर न देता नुसत्या हसल्या आणि माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, की चार दिस दम धर.

कशाचा दम, विचारलं. गिरिजाबाईंकडे बघून परत हसल्या.

आज कडीला दोरा बांधला आहे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

अक्षर लागलं नाही तरी लिहिते.

संध्याकाळच्या गाडीनं आले. गल्लीच्या तोंडाशीच पेटी ऐकू आली. मला सूर ओळखता आला आणि तरी पाय चालत राहिले, घराकडेच. गिरिजाबाईंच्या ओसरीवर अर्धी गल्ली जमली होती. मधे पेटी. पेटीमागे तातेराव.

उठून उभा राहिला. बेबी, जेवलीस का, म्हणाला.

सगळ्या बायकांचे डोळे भरून आले.

नंदाबाईंनी परभणीत पेटी वाजवणारे तातेराव कोण म्हणून विचारलं होतं. तासाभरात दुकान सापडलं. तुमची बायको आमच्या गल्लीत हाय, तुमच्या नावानं रोज झुरती, उखाण्यात नाव घेती, हे सगळं त्यांनी त्याला सांगितलं. त्यानं फक्त विचारलं, नाव घेतलं? स्वतःहून? आणि तिथंच डोळ्याला रुमाल लावला. हैदराबादचं विचारलं तर म्हणाला, नोकरी सुटली, लाजेपायी तिला कळवलं नाही. हे त्या मला कौतुकानं सांगत होत्या.

गिरिजाबाईंना चुलीपाशी गाठलं. सगळं खरं सांगितलं, लग्न झालेलं नाही, खोलीसाठी खोटं बोलले, हा माणूस कोण ते. त्या आधी हसल्या. नवरा उशिरा आला म्हणून एवढा रुसवा न्हाई धरायचा, म्हणाल्या. मी पोत ओढून दाखवली, ही मी विकत घेतली. तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. दाराकडे बघून हळू म्हणाल्या, की पुन्यांदा असं बोलू नको, आमच्या मालकाच्या कानी गेलं तर आत्ताच्या आत्ता सामान रस्त्यावर फेकतील. लग्नाबिगर तू त्याचं नाव घेतलं म्हणतीस, तेबी माझ्या घरात, माझ्यासमोर?

खरं बोलले तर मी घराबाहेर आणि तो गल्लीत. खोटं चालू ठेवलं तर तो माझ्या खोलीत.

तेवढ्यात त्यांनी त्याचं अंथरूण माझ्याकडे न्यायला काढलं. मी म्हटलं, मी बाहेरची आहे. आजच. गिरिजाबाई चटकन दोन पावलं मागं सरल्या. चार दिवस शिवाशीव नाही. त्याचं अंथरूण ओसरीवर पडलं.

पाचव्या दिवशी न्हायचं. म्हणजे मंगळवार.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज कामावर गेले नाही. तो ओसरीवरून माझ्या दाराकडे बघत बसतो. पारावर बसायचा तसाच. दुकानात बद्रीनाथांना मदत करतो, नंदाबाईंच्या घरची सायकल नीट करून दिली, मधे दोनेक तास कुठंसा जाऊन आला. दिवसभरात सगळ्यांचा लाडका झाला.

पोलीस चौकीपर्यंत जाऊन आले. बाहेरच थांबले. तक्रार कुणाची करू? नवऱ्याची? नवरा नाही म्हणू, तर पोत कुणाची, नाव कुणाचं घेतलं, वीस बायका साक्षीला आहेत.

रविवार, १६ फेब्रुवारी

दुपारी बायकांनी त्यालाही उखाणा घ्यायला लावला. मी खोलीत होते, पण ऐकू आलं.

परभणी ते जालना रेल्वेचा रूळ,
बेबीनंदाचं नाव घेतो, तिच्या पायाची मी धूळ.

असा नवरा लाखात एक न्हाई, कुणीतरी म्हणालं. पायाची धूळ कुठं जाते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. पाय जातील तिथं.

गिरिजाबाई दाराबाहेरून ताट सरकवतात. आज ताटात जिलबी होती. तुझ्या मालकांनी आणली, म्हणाल्या.

सोमवार, १७ फेब्रुवारी

साहेबांनी बोलावून अभिनंदन केलं. माझ्या यजमानांनी शनिवारी येऊन महिन्याच्या रजेचा अर्ज दिला. संसार आधी, दाणे कुठं पळत नाहीत, म्हणाले. सही माझी नाही, असं मी म्हटलं. त्यांची आहे, चालते, म्हणाले.

सगुणाबाईंना सगळं सांगितलं. कुणालातरी सगळं सांगितलं. त्यांनी एकदाही मधे टोकलं नाही. म्हणाल्या, मला पहिल्या दिशीच वाटलं व्हतं, ही पोत धाकापायी घातलेली हाय. उद्या सकाळच्या गाडीत बस, कायबी घेऊ नको, मी बदनापूरच्या फलाटावर उभी ऱ्हाते, गाडीत चढते, औरंगाबादला बहिणीकडं जाऊ. आज तिकडची गाडी न्हाई, अन् रातच्याला परतली न्हाईस तर तो हितंच धुंडत येईल. तिच्या दारात कोण येतो ते बघू. गाडी दोन मिनिटं थांबते. मी म्हटलं, मी खिडकीतून हात दाखवीन. मला रडू आलं. त्यांनी माझा हात धरून ठेवला, किती वेळ.

संध्याकाळी घरी आले तर आतली कडी नाही.

चार खिळ्यांची भोकं. तो ओसरीवरून म्हणाला, खिळखिळी झाली होती, दुरुस्तीला दिली, उद्या मिळेल. माझ्या कुलपाची दुसरी चावी त्याला गिरिजाबाईंनी दिली. बाहेरच्या कडीला त्यानं तेल घातलंय. आता आवाज करत नाही.

दाराला ट्रंक लावून बसले आहे. पाठ ट्रंकेला.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

उजाडलं. डोक्यावरून न्हाले, न्हायलाच हवं होतं, नाहीतर संशय. तो दुकानात बोलतोय. पिशवीत फक्त वही. गाडीला पाऊण तास. निघते.

—

दार उघडत नाही.

बाहेरून कडी. बाहेर हसणं. गिरिजाबाई, नंदाबाई, सगळ्या. दार अडवलंय म्हणतात, लग्नात अडवतात तसं. आम्ही काई तुमच्या लग्नाला नव्हतो, आज न्हालीस, आज हौस फेडून घेतो. मालक उंबऱ्याशी उभे हायेत. नाव घे, मंग कडी काढतो.

ओरडले. माझी गाडी आहे. आणखी हसल्या.

खिडकीला गज. नुसता हात जातो बाहेर.

नाव घेतलं तर दार उघडेल. सगळ्यांसमोर, दुसऱ्यांदा. मग तो आत येईल आणि त्या घरी जातील —

नाही घेणार.

—

नंदाबाई ओळ सांगतायत, तू नुसतं नाव जोड. मी दारावर मुठी मारतेय. त्यांना वाटतं, लाडात.

—

हसणं कमी झालं. लई हट्टी हाय, म्हणाली कुणीतरी. तो म्हणतोय, राहू द्या, लाजते, तुम्ही जा, माझी मी समजूत काढतो. मऊ बोलतो.

नका जाऊ. गिरिजाबाई, तुम्ही तरी —

पावलं. एकेक दार लागतंय. गिरिजाबाईंचंही.

गाडीची शिट्टी.

सगुणाबाई फलाटावर. प्रत्येक खिडकीत बघतील.

—

दाराशी बसलाय. जेवलीस का, विचारतो. नाव घे, उघडतो. मला घाई नाही, म्हणतो.

—

आतली कडी मिळाली, म्हणतो. दुरुस्त होऊन. हातात आहे. खिळे पण आणलेत. आता आतून नीट लागेल —

वही खिडकीतून टाकते. कुणाला सापडली तर बदनापूर, बियाण्याची खोली, सगुणाबाई —

कडी निघतेय. आवाज नाही. फक्त दार हललं. मी नाव घेतलं नाही. सगुणाबाईंना एवढं सांगा, मी त्याचं —